भिंत नसलेले छप्पर

घराच्या पाठीमागील मोकळ्या जागेत चार-सहा खांब रोवावेत, त्यांवर पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर घालावे, खाली विटांची जमीन करावी, एका कडेला कामाचे मेज आणि दुसऱ्या कडेला हत्यारांची पेटी ठेवावी आणि तेथे सुतारकाम, मातीकाम किंवा दगडकाम करीत बसावे, ही इच्छा वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. तिचा विचार गृहबांधणीच्या, फार तर छंदाच्या सदरात होतो. नीतिविचाराच्या सदरात तो सहसा होत नाही. वस्तुतः असे छप्पर उभे राहिले की त्याच्याबरोबर काही जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. आपल्या जागेत आपण जे घडवतो त्याचा आवाज शेजाऱ्याने का ऐकावा आणि त्याची धूळ त्याने का श्वासात घ्यावी? उलटपक्षी, घडवण्याचे प्रत्येक काम घरापासून दूर नेणारे शहर माणसाजवळून असे काही काढून घेते काय, की ज्याची भरपाई घर देऊन किंवा पैसे देऊन होत नाही? आणि ज्याच्यापाशी परसूच नाही त्याने काय करावे?

हे प्रश्न दिल्ली आणि तिच्याभोवतीचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश यांच्या संदर्भात विचारले म्हणजे ते अधिक टोकदार होतात. घर आणि काम यांची फारकत करण्याचा प्रयत्न या महानगराने सहा दशकांहून अधिक काळ केला. कायद्याने केला, न्यायालयाच्या आदेशांनी केला, कित्येकदा बळाने केला. त्या प्रयत्नात जसे शहाणपण होते तसेच आंधळेपणही होते. या दोहोंची निवड करण्यासाठी परसातले साधे छप्पर हे एक चांगले साधन आहे.

प्रारंभी मराठी घराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. जुन्या रचनेच्या घरात 'आत' आणि 'बाहेर' यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असत. अंगण, ओटा, ओसरी, पडवी, माजघर, न्हाणी, परसू ही नुसती जागांची नावे नव्हती. कोणते काम कोणाच्या देखत करावयाचे याची ती एक वाटणी होती. ओसरीवर पाहुणा टेके आणि देण्याघेण्याचा हिशेब होई. पडवीत कांडण चाले. परसात विहीर, केळी, अळूचे आळे, लाकडांची रास आणि गोठा असे. पडवी आणि परसू या जागांना धड आत म्हणता येत नसे, धड बाहेरही म्हणता येत नसे. कारागिराच्या घरी हीच मधली जागा त्याच्या व्यवसायाची असे. संस्कृतातील 'शाला' या शब्दाने छप्पर असलेली जागा, दालन असा अर्थ दाखवला जातो. मराठीत तो 'साळ' होऊन टाकसाळ, लोहारसाळ अशा शब्दांत टिकून राहिला. आज 'कार्यशाळा' म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित सभागृहातील दोन दिवसांची चर्चा उभी राहते. हा केवळ शब्दाच्या अर्थातला बदल नाही. काम आणि छप्पर यांचे नाते सुशिक्षितांच्या अनुभवातून किती पूर्णपणे नाहीसे झाले आहे, याचा तो पुरावा आहे.

परंतु या जुन्या व्यवस्थेचे स्मरणरंजन करणे घातक ठरेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात अलुते-बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत सुताराचे वा लोहाराचे छप्पर हे कौशल्याचे स्थान होते, तसेच ते जन्माने नेमून दिलेले स्थानही होते. सुताराच्या मुलाने रंधा हाती धरावयाचा हे त्याच्या जन्माबरोबर ठरत असे. चामड्याचे काम करणाऱ्याचे छप्पर तर गावाच्या हद्दीबाहेर असे, आणि त्याच्या कामाचा वास हे त्याला दूर ठेवण्याचे निमित्त केले जाई. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या विषयावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. ज्याला शहरात येऊन कारखान्यात, कचेरीत, अनोळखी माणसांच्या सोबतीत काम मिळाले, त्याच्या दृष्टीने घर आणि काम यांची फारकत ही एक सुटका होती. घरातल्या कामात सुख पाहणाऱ्याने ही बाजू विसरता कामा नये. परसातले काम ज्याने स्वेच्छेने पत्करले त्याची गोष्ट निराळी, आणि ज्याच्या गळ्यात ते जन्मतः बांधले गेले त्याची गोष्ट निराळी.

आधुनिक नगररचनेची प्रेरणा मात्र वेगळी होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय औद्योगिक शहरांत घरांच्या खिडक्यांना कारखान्यांची धुराडी भिडली होती, आणि त्या अनुभवातून शहराचे निवास, काम, विश्रांती आणि दळणवळण अशा चार कार्यांत विभाजन करण्याचा विचार रूढ झाला. १९३३ सालच्या आधुनिक वास्तुविशारदांच्या परिषदेतून पुढे आलेल्या 'अथेन्सच्या सनदे'त त्याला सूत्ररूप मिळाले. दिल्ली विकास प्राधिकरणाची स्थापना १९५७ साली झाली; फोर्ड फाउंडेशनने पाठवलेल्या तज्ज्ञांच्या साहाय्याने दिल्लीची पहिली बृहत् योजना तयार झाली आणि १९६२ साली ती अमलात आली. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक 'उपयोग' नेमून देणे हे तिचे मुख्य तत्त्व होते. १७ एप्रिल १९७६ रोजी यमुनेच्या पलीकडे उत्तर प्रदेशाच्या भूमीवर जे नोएडा निर्माण झाले, त्याच्या मूळ नावातच 'औद्योगिक विकास' हे शब्द आहेत.

पण शहर योजनेप्रमाणे वाढले नाही. ज्यांना नेमलेल्या जागा परवडल्या नाहीत त्यांनी घरातच यंत्रे बसवली. मेहता विरुद्ध भारत सरकार या नावाने चाललेल्या जनहित याचिकांच्या मालिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९६ मध्ये १६८ घातक उद्योग दिल्लीतून हलवण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २००० मध्ये निवासी भागांतील प्रदूषणकारी कारखाने बंद करण्याची कारवाई सुरू झाली तेव्हा मालक आणि मजूर दोघेही रस्त्यावर उतरले. २००६ साली निवासी भागांतील दुकानांना आणि व्यवसायांना टाळे ठोकण्याची मोहीम झाली. २००७ च्या फेब्रुवारीत अधिसूचित झालेल्या २०२१ पर्यंतच्या बृहत् योजनेने मात्र निवासी भागात गृहोद्योगांना मर्यादित मुभा दिली: पाचांपर्यंत कामगार, पाच किलोवॅटपर्यंत वीज आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगास मज्जाव. पुढे ही मर्यादा वाढवण्यात आली. घर आणि काम यांची संपूर्ण फारकत अशक्य आहे, याची ही उशिरा मिळालेली कबुली होती. परंतु कबुलीची भाषा किलोवॅटची होती. किती वीज वापरावी हे नियमाने सांगितले. पण पाच किलोवॅटच्या आत राहून शेजाऱ्याशी कसे वागावे याचे उत्तर कोणत्याही अधिसूचनेत मिळण्यासारखे नव्हते.

हे उत्तर शोधण्यासाठी छप्पर बांधण्याच्या प्रत्यक्ष कृतीकडे वळावे लागते, कारण तिच्यातच अनेक निर्णय दडलेले असतात. दिल्लीचे अक्षांश साधारण साडेअठ्ठावीस. जूनच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो ३८ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून दक्षिणेकडची वळचण नीट पुढे काढली, तर उन्हाळ्यातले ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्यातले ऊन कामाच्या मेजापर्यंत पोचते. मे-जूनमध्ये राजस्थानच्या बाजूने येणारी 'लू' आणि कलत्या उन्हाचा मारा अडवण्यासाठी पश्चिमेकडे तट्टी किंवा वेलींचा मांडव लागतो. उघडा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. त्याच्याखाली गवताचा थर दिला तर तेथे बसणे शक्य होते. पाऊस वर्षाकाठी साधारण पाऊण मीटर, पण त्यातला बहुतेक तीन महिन्यांत कोसळतो. म्हणून जमीन वीतभर उंच करून पन्हाळीचे पाणी कोठे जाईल हे आधी ठरवावे लागते. ते शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडले तर छप्पर पूर्ण होण्यापूर्वीच भांडण उभे राहते.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. ऊन, वारा, पाणी यांपैकी कशालाही मालकीची हद्द ठाऊक नसते. छप्पर आपल्या जागेत बांधले तरी त्याची सावली, त्याचे पाणी आणि त्याखालचा आवाज हद्दीपलीकडे जातो. शहरातील बांधकाम-नियम घराच्या मागे काही जागा उघडी सोडावयास लावतात ते याचसाठी: उजेड, वारा आणि आगीच्या वेळी वाट मिळावी म्हणून. १८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने तर वीस वर्षे अखंड उपभोगलेला उजेड आणि वारा हा शेजाऱ्याचा हक्क मानला आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले की माणूस वस्तूत आपले श्रम मिसळतो आणि म्हणून ती त्याची होते. पण श्रमाबरोबर धूळही मिसळते आणि ती धूळ कोणाची, याचे उत्तर लॉकच्या सिद्धांतात सहजासहजी सापडत नाही. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली. म्हणजे परसातला रंधा आणि यांत्रिक करवत ही काव्यमय साधने राहत नाहीत. परसातली उघडी जागा सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर एकाच्या नावे असली तरी तिच्यातील हवा अनेकांच्या वाट्याची असते. त्या हवेत काम करणारा मनुष्य एका अर्थाने शेजाऱ्याच्या परवानगीने काम करीत असतो, मग ती परवानगी कोणी मागितली असो वा नसो.

एवढ्यावरून असा निष्कर्ष निघेल की घडवण्याचे काम घरापासून दूरच न्यावे. दिल्लीतील दोन दुर्घटना या निष्कर्षाला आडव्या येतात. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे राणी झाशी मार्गावरील अनाज मंडीत एका इमारतीला आग लागली. दाट वस्तीतल्या त्या इमारतीत पिशव्यांसारख्या वस्तूंचे लहान लहान कारखाने होते आणि मजूर तेथेच झोपत. ४३ माणसे मेली. बहुतेक धुराने गुदमरून मेली. घर आणि काम एकत्र आले की काय होते याचा हा दाखला म्हणून पुढे करता येईल. परंतु त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी, २० जानेवारी २०१८ रोजी, बवाना औद्योगिक क्षेत्रात फटाक्यांच्या एका कारखान्याला आग लागून १७ जण मेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बवाना हे क्षेत्र निवासी वस्त्यांतील कारखाने हलवण्यासाठीच विकसित केलेले होते. तेथे कामासाठी नेमलेली जागा होती, नकाशावर योग्य रंग होता. आणि तरीही माणसांना बाहेर पडता आले नाही.

एका ठिकाणी काम घरात होते, दुसऱ्या ठिकाणी घरापासून कोसांवर होते. दोन्ही ठिकाणी समान होती ती बंद भिंत. आत काय साठवले आहे, किती माणसे आहेत, त्यांत कोणी अल्पवयीन आहे काय, बाहेर पडण्याची वाट कोठे आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नव्हते. ज्याला दिसत होते त्याला ते पाहावयाचे नव्हते. फारकतीच्या सिद्धांताने अंतराचा विचार केला, दृष्टीचा केला नाही. विषारी रसायने आणि स्फोटके वस्तीपासून दूर असावीत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण अंतर वाढवल्याने धोका नाहीसा होत नाही, तो पुष्कळदा केवळ नजरेआड होतो आणि ज्यांच्या जीवाची किंमत कमी समजली जाते त्यांच्या वाट्याला जातो. परसातल्या छपराचे नैतिक महत्त्व त्याला भिंती नसण्यात आहे. तेथे कोण काम करतो, किती वेळ करतो, कशाचे तुकडे पडतात, मोबदला मागणारा माणूस दाराशी किती वेळ ताटकळतो, हे घरच्यांना दिसते आणि शेजाऱ्यांनाही दिसते. ज्या कामाला साक्षीदार असतो त्या कामात लबाडी करणे आणि क्रूर होणे कठीण जाते. अशक्य होते असे नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेतील अन्यायही उघड्यावरच होत होता. साक्षीदार असणे ही न्यायाची हमी नाही, पण ती त्याची एक पूर्वअट आहे.

पश्चिम दिल्लीत उत्तम नगरच्या प्रजापती वस्तीत हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. राजस्थान-हरियाणातून आलेली कुंभार कुटुंबे तेथे दारापुढे आणि गच्चीवर काम करतात. चाक आता बहुधा विजेवर फिरते. पण माती मळणे, वाळत घालणे, दिवाळीच्या पणत्यांच्या राशी रचणे हे उघड्यावर चालते. भट्टीत लाकडाचा भुसा जळतो आणि हिवाळ्यात, जेव्हा दिल्लीची हवा आधीच कुंद झालेली असते, तेव्हा त्याचा धूर वस्तीवर उतरतो. या धुराची तक्रार खोटी नाही. पण तो धूर प्रथम कुंभाराच्याच मुलांच्या छातीत जातो. ज्याने धूर केला तोच त्याखाली राहतो, ही गोष्ट त्या धुराला निर्दोष ठरवीत नाही, परंतु शेकडो मैलांवरच्या वीजकेंद्राच्या धुरापासून त्याला नैतिकदृष्ट्या वेगळे करते. वातानुकूलित घरात राहणारा नागरिक आपल्या सुखाचा धूर कोठे सोडला जातो हे पाहत नाही. कुंभाराला तशी सोय नाही. म्हणून त्याच्यावर टाळे ठोकण्याआधी त्याला धूर न करणारी भट्टी परवडेल कशी, हा प्रश्न शहराने स्वतःला विचारणे न्यायाचे ठरते.

कुंभाराच्या अंगणाचा विचार करताना मराठी मनाला तेरच्या गोरोबांची आठवण न होणे अशक्य आहे. संतचरित्रातील ती कथा सर्वश्रुत आहे. बायको पाणी आणावयास गेली, मूल गोरोबांवर सोपवून गेली. गोरोबा नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते. मूल रांगत रांगत त्या चिखलात आले आणि पायांखाली गेले. परंपरेने ही कथा भक्तीच्या पराकाष्ठेची म्हणून सांगितली, आणि पुढे मूल परत मिळते तो चमत्कार तिचा शेवट मानला. त्या श्रद्धेला बाधा न आणताही कथेतल्या जागेकडे पाहता येते. चिखल आणि मूल एकाच अंगणात आहेत. काम करणारा पिता आहे आणि तो आपल्या कामात इतका बुडाला आहे की जवळचे त्याला दिसत नाही. चमत्काराचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर घरातल्या कामाचे सर्वांत भयंकर सत्य या कथेत आहे: घडवण्याच्या आनंदाला स्वतःची अशी नीती नसते. तल्लीनता ही कलावंताच्या बाबतीत सद्गुण मानली जाते. तिच्या पायांखाली कोण येते हे तल्लीन झालेल्याला कळत नाही. शेजाऱ्याची हवा ही परसातल्या कामाची बाहेरची मर्यादा असेल, तर घरातले रांगते मूल ही त्याची आतली मर्यादा आहे. हत्यारांच्या पेटीला कुलूप असावे, विजेचे बटण मुलाच्या हाताबाहेर असावे, या किरकोळ वाटणाऱ्या सूचना या मर्यादेचीच व्यावहारिक रूपे आहेत.

तथापि मूल अंगणात आले म्हणजे ते चिरडलेच जाते असे नाही. पुष्कळदा ते शिकते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेले राम सुतार मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले, वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या जतनाचे काम त्यांनी केले, दिल्लीत सरकारी नोकरी धरली आणि १९५९ साली ती सोडून स्वतंत्रपणे शिल्पे घडवू लागले. पुढे नोएडात त्यांची कर्मशाळा होती. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याची कल्पनाकृती त्यांची. २०२५ च्या डिसेंबरात वयाची शंभरी ओलांडल्यानंतर नोएडातच त्यांचे निधन झाले. शिल्पविद्येचे शिक्षण त्यांना कलाशाळेने दिले हे खरे. पण ज्या घरात लाकूड तासले जाते त्या घरातील मुलाला घडवणे ही माणसाने करावयाची एक स्वाभाविक गोष्ट वाटते, हे शिक्षण कोणत्याही कलाशाळेच्या आधीचे असते. शहराने काम घरापासून तोडले तेव्हा या पूर्वशिक्षणाची वाटही बंद केली. आजच्या मुलाला आई-वडील काय करतात हे ठाऊक असते ते केवळ पदनामाने.

जे मोजले जात नाही ते हिरावून घेतल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही. शादीपूरच्या कठपुतळी वसाहतीत कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारे, जादूगार, ढोलवादक अशी लोककलावंतांची कुटुंबे दशकानुदशके राहत होती. पुनर्विकासाच्या योजनेत त्यांना बहुमजली इमारतींत घरे देण्याचे ठरले. अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०१७ च्या ऑक्टोबर महिनाअखेरीस ती वसाहत पाडण्यात आली. योजनेने घरे मोजली, कुटुंबे मोजली, कागदपत्रे तपासली. परंतु बाहुली कोरावयाची, रंगवून वाळवावयाची, तिच्या लांब दोऱ्या सोडून चाल बसवावयाची ती घरापुढची जागा हिशेबात कोठे धरावयाची, याचे उत्तर सदनिकेच्या नकाशात नव्हते. त्या वस्तीत गल्लीच परसू होती. दहाव्या मजल्यावर पाणी येते, शौचालय असते, आणि या गोष्टींचे मोल कमी लेखणे म्हणजे दुसऱ्याच्या दारिद्र्याची शोभा पाहणे होय. तरीही ज्याची उपजीविका अंगणावर उभी आहे त्याला अंगणाशिवाय घर देणे म्हणजे त्याचा व्यवसाय न विचारता बदलणे आहे.

येथून वर्गाचा प्रश्न टाळता येत नाही. दक्षिण दिल्लीच्या शेतघरात किंवा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यात निवृत्त अधिकाऱ्याने बागेच्या कडेला छप्पर घातले, तर त्याला छंद म्हणतात. त्याच शहरात एखाद्या लोहाराने घरामागे पत्रे टाकले तर त्याला अतिक्रमण म्हणतात. आवाज दोघांचाही होतो. भेद इतकाच की पहिल्याचे पोट त्या कामावर अवलंबून नसते आणि त्याचे आवार मोठे असल्याने त्याचा आवाज आवारातच विरतो. जागा विकत घेणे म्हणजे एका परीने शेजाऱ्यापासूनचे अंतर विकत घेणे. आणि ज्याने अंतर विकत घेतले त्याला सभ्य राहणे स्वस्त पडते. म्हणून छंदी माणसाच्या परसातील छपराला नावे ठेवण्याचे कारण नाही. हाताने काही घडवण्याची ओढ त्यालाही असते आणि ती खरी असते. मात्र आपल्याला जे सुख म्हणून लाभले ते दुसऱ्याला उपजीविका म्हणूनही नाकारले जाते, याची जाणीव त्या सुखाबरोबर असावी.

हॅना आरेन्ट या विदुषीने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात जगण्यासाठी करावे लागणारे पुनःपुन्हाचे श्रम आणि टिकाऊ वस्तू घडवणारे काम यांत भेद केला. श्रमाचे फळ खाऊन संपते. कामाचे फळ, मेज असो वा मडके, माणसांच्या मध्ये उभे राहते आणि त्यांना एक समान जग देते. या विचारात परसातील छप्पर नीट बसते. तेथे घडलेले मेज घरात जाते किंवा बाजारात जाते, आणि दोन्ही ठिकाणी ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. महात्मा गांधींनी १९१६ साली मद्रास येथे स्वदेशीची जी व्याख्या केली तिचा आशयही जवळच्या परिसराचा उपयोग आणि त्याची सेवा हाच होता. स्वदेशी म्हणजे शेजारधर्म, असे तिचे सार सांगता येईल. आरेन्टचे 'समान जग' आणि गांधींचा शेजारधर्म एकत्र आणले म्हणजे परसातल्या कामाची कसोटी हाती येते. काम करणाऱ्याने आपल्या कामाची धूळ आधी स्वतः सोसावी, ती शेजाऱ्याकडे जाऊ नये यासाठी खर्च करावा, कामाच्या वेळा शेजाऱ्याशी बोलून ठरवाव्यात, आणि जे त्याच्या देखत करता येत नाही ते भिंत बांधून आत करू नये. ज्या दिवशी त्या छपराला भिंती घालाव्याशा वाटतात, त्या दिवशी त्यामागचे कारण थंडी-वारा आहे की लपवण्याची गरज, हे त्याने स्वतःला विचारावे.

आता मूळचा तिसरा प्रश्न उरतो. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथील उत्तुंग इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांना परसूच नाही. विसाव्या मजल्यावर करवत चालवता येत नाही, आणि चालवू नये. म्हणजे परसातल्या कामाचा सारा विचार मूठभरांच्या सोयीपुरता उरतो काय? तसा तो उरू द्यावयाचा नसेल तर परसूच सामाईक करावे लागेल. याचे एक उदाहरण दिल्लीतच आहे. ललित कला अकादमीने १९७६ साली गढी गावात कलावंतांसाठी सामाईक कर्मशाळा सुरू केल्या. ज्यांच्या घरी दगड फोडावयास किंवा भट्टी पेटवावयास जागा नव्हती, अशा शिल्पकारांना, मृत्तिकाशिल्पींना, मुद्राचित्रकारांना तेथे छप्पर मिळाले, आणि त्याबरोबर एकमेकांच्या कामाचे साक्षीदारही मिळाले. ही सोय कलावंतांपुरती राहावी असे तत्त्वतः काहीच नाही. वसाहतीच्या नकाशात उद्यान, मंदिर, वाहनतळ यांसाठी जागा राखून ठेवली जाते. सुताराला, कुंभाराला, बाहुल्या करणाऱ्याला, आणि हाताने काही करून पाहावे असे वाटणाऱ्या कोणाही रहिवाशाला बसता येईल असे चार खांबांचे छप्पर मात्र कोणी राखून ठेवीत नाही. ज्या समाजाने घरातून काम बाहेर काढले त्याच्यावर त्या कामाला घराजवळ जागा देण्याचे दायित्व येते. ते दायित्व दिल्लीच्या बृहत् योजनांत अद्याप ठळकपणे नोंदले गेलेले नाही.